भरली कणगी, उपाशी जागल्या

नवतपा लागला होता. वर्ध्यातला नवतपा म्हणजे काय, हे वर्धेकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटायचं नाही. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, कुत्री नालीत बसलेली, कुलरमध्ये दुपारी दोनदा पाणी भरायचं. अशा दिवसांत एका सकाळी माझी बहीण, भाऊजी आणि भाची कोकणातून परत आले. चोवीस दिवस घर बंद होतं. स्टेशनवरून ऑटोनं घरी पोचले, तर पोर्चमध्ये त्यांची इलेक्ट्रिक कार उभी. धुळीनं माखलेली, बाकी धडधाकट.

भाचीनं धावत जाऊन किल्लीचं बटण दाबलं. एरवी गाडी लगेच दिवे मिचकावते आणि 'टुक टुक' करते. आज काहीच नाही. पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म.

"मामा, आम्ही जाताना ऐंशी टक्के चार्ज होती!" ती मला फोनवर जवळजवळ रडतच सांगत होती.

मी पोचलो तोवर भाऊजींनी चार्जरची गन लावून पाहिली होती. चार्जिंगचा दिवासुद्धा लागला नाही. भुकेल्याला घास भरवावा, तर तोंडच उघडेना! आता सांगा बघू, पोटभर वीज असलेली गाडी अशी मुकी कशी झाली? बरं, वीज कुणी चोरली म्हणावं तर तसंही नाही. ती ऐंशी टक्के वीज तिथेच होती. अगदी जशीच्या तशी.

शेजारी एक आबा राहतात. रेल्वेत इंजिन चालवायचे, आता निवृत्त. आम्ही त्यांना रेल्वेआबाच म्हणतो. ते कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "काहून वो, छोटी बॅटरी बसली वाटते."

"छोटी? इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात?" भाचीचे डोळे एवढाले झाले.

हो, दोन. एक मोठी, गाडीच्या तळाशी पसरलेली, चाकं फिरवणारी. तिचा दाब बहुधा असतो ३०० व्होल्टच्या पुढे. दुसरी साधी, १२ व्होल्टची, पेट्रोलच्या गाडीत असते तसलीच. बहुतेक गाड्यांत ती बॉनेटखाली कोपऱ्यात बसलेली असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गाडी विकायला ठेवलेल्या दुकानात तुम्ही कधी गेलात तर ऐका, सगळे मोठ्या बॅटरीबद्दल बोलतात. किती युनिट, किती किलोमीटर, किती वर्षांची हमी. छोटीचं नावही निघत नाही.

आणि गंमत अशी, की मोठीचं दार छोटी उघडते.

आपल्याकडे सोयाबीन, तूर, हरभरा शेतात उभा असला की रात्री जागलीला जावं लागतं. रोही आणि रानडुकरं येतात ना! मचाणावर एक माणूस टॉर्च घेऊन बसतो. गाडीतली १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे हा जागल्या. तुम्ही गाडी बंद करून, कुलूप लावून, जेवून झोपता, तेव्हा ती जागी असते. किल्ली जवळ आली का, हे ऐकत राहते. कुणी काच फोडली तर भोंगा वाजवायचा, म्हणून तयार राहते. गाडीत बसवलेल्या सिमकार्डाला अधूनमधून चहापाणी देते. घड्याळ चालू ठेवते.

मग मोठी बॅटरी हे सगळं का करत नाही? कारण गाडी बंद झाली की मोठी बॅटरी मुद्दाम तोडून ठेवतात. तिच्या आणि गाडीच्या मध्ये कॉन्टॅक्टर नावाचे दणकट स्विच असतात. त्यांच्या आत स्प्रिंग असते, आणि ती स्प्रिंग स्विचला सतत उघडं, म्हणजे तुटलेलं ठेवते. स्विच जोडायचा असेल तर तारेच्या एका वेटोळ्यातून वीज सोडायची. वेटोळं लोहचुंबक बनतं, स्प्रिंगवर मात करून स्विच ओढून घेतं आणि 'टक्' असा आवाज येतो. इलेक्ट्रिक गाडी चालू करताना कान देऊन ऐका, हा 'टक्' ऐकू येईल. त्या वेटोळ्याला वीज कोण देतं? बरोबर, छोटी.

असं उलटं कशाला केलं असेल? समजा गाडीला अपघात झाला. लोक मदतीला धावले, दार ओढू लागले. अशा वेळी ३०० व्होल्ट गाडीभर खेळत असतील तर मदत करणाऱ्याचाच जीव जायचा. म्हणून रचना अशी, की काही बिघडलं, तार तुटली, वीज गेली, तर स्प्रिंग आपोआप स्विच उघडते आणि मोठी बॅटरी आपल्या पेटीत एकटी पडते. धोका पेटीत बंद. पण त्याच शहाणपणामुळे आमच्या भाऊजींची फजिती झाली. कणगी धान्यानं भरलेली, कणगीला कुलूप, कुलपाची किल्ली जागल्याकडे, आणि जागल्या भुकेनं बेशुद्ध!

भाचीला अजून पटेना. एवढी मोठी बॅटरी आणि तिला एवढीशी बॅटरी अडवते?

तेव्हा रेल्वेआबा मूडमध्ये आले. "पाय बरं, माय, तुले सांगतो," म्हणाले. "वर्धा जंक्शनवर डोक्यावर तार पाहिली ना? तिच्यात पंचवीस हजार व्होल्ट असते. इंजिन त्या तारेखाली उभं हाय. पण इंजिनाचा हात खाली असंल, तर त्याले त्याचा काय उपयोग?"

इंजिनाचा हात म्हणजे टपावरचा पॅन्टोग्राफ. तो तारेला टेकला तरच वीज आत येते. आणि तो वर उचलला जातो हवेच्या दाबानं. हवा भरायला कॉम्प्रेसर लागतो. कॉम्प्रेसर चालायला वीज लागते. वीज तर वर तारेत आहे आणि हात अजून खाली आहे! या कोड्यातून बाहेर पडायला इंजिनात ११० व्होल्टची बॅटरी असते आणि तिच्यावर चालणारा एक पिटुकला कॉम्प्रेसर असतो. रेल्वेतली माणसं त्याला 'बेबी कॉम्प्रेसर' म्हणतात. रात्रभर उभं राहून टाकीतली हवा उतरलेलं इंजिन सकाळी उठवायचं, तर आधी हा बेबी गुरगुरतो, थोडी हवा भरतो, हात वर जातो, तारेला टेकतो, आणि मग हजारो अश्वशक्तीचं धूड जागं होतं. बॅटरी बसली, तर डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट असून इंजिन जागचं हलत नाही.

भाची एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे इंजिनालापण जागल्या आहे."

आता प्रश्न उरला तो हा, की जागल्या उपाशी पडला कसा. भाचीनं वहीच काढली. मलाही हिशेब करायला आवडतो, म्हणून आम्ही दोघं ओट्यावर बसलो.

छोट्या बॅटरीवर लिहिलं होतं ३५ अँपिअर-तास. तिला पाण्याचा माठ समजा. एक अँपिअरचा नळ लावला तर माठ ३५ तासांत रिकामा होईल. नळ बारीक केला तर जास्त दिवस पुरेल. झोपलेली गाडी किती पिते? गाडीगणिक फरक पडतो, पण सगळं नीट असेल तर एका अँपिअरच्या हजार भागांतले वीस-पंचवीस, फार तर पन्नास. आम्ही पंचवीस धरले. दिवसाचे तास चोवीस. गुणाकार केला: रोज ०.६ अँपिअर-तास. म्हणजे ३५ चा माठ पुरता पाझरायला जवळजवळ दोन महिने. माठ अगदी तळाला जाण्याआधीच बॅटरी हात टेकते हे खरं, पण चोवीस दिवस तरी निघायलाच हवे होते. चोवीस दिवसांचे होतात अवघे १४.४.

"मग दुसरं कुणीतरी पीत होतं," भाची गुप्तहेरासारखी म्हणाली.

होतंच. काचेच्या मागे एक डॅशकॅम लावलेला होता. उभ्या गाडीला कुणी धक्का मारला तर चित्रण व्हावं म्हणून भाऊजींनी तो सतत वीज मिळणाऱ्या फ्यूजवर जोडून घेतला होता. साधारण ३ वॅट खाणारा कॅमेरा. ३ भागिले १२, म्हणजे पाव अँपिअर. दिवसाचे ६ अँपिअर-तास! गाडी स्वतः पिते त्याच्या दहा पट. त्या इवल्याशा कॅमेऱ्यानं चोवीस दिवस रिकाम्या पोर्चचं आणि एका मांजरीचं चित्रण करायचं ठरवलं होतं. अर्थात तेवढे दिवस त्याला मिळाले नाहीत.

पण वही अजून मिटली नव्हती. मी हळूच विचारलं, "कोकणात असताना गाडीचं ॲप किती वेळा उघडलंस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीनदा. रोज. गाडी बरी आहे ना, बघायला."

आता हे ऐका. बऱ्याच गाड्यांत ॲप उघडलं, दारं लावली का विचारलं, की गाडीतले छोटे संगणक जागे होतात. एक जागा झाला की तो दुसऱ्याला उठवतो. लग्नघरात पहाटे एक मावशी उठली की काय होतं, तसं. मग सगळे पुन्हा झोपी जाईपर्यंत काही मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात झोपेच्या शेकडो पट वीज जाते. आम्ही धरलं ५ अँपिअर आणि १० मिनिटं. उत्तर आलं ०.८ च्या थोडं वर. एका 'बरी आहेस ना'साठी अख्ख्या दिवसाच्या झोपेपेक्षा जास्त खर्च! रोज तीनदा म्हणजे अडीच.

बेरीज करा. गाडीचे ०.६, कॅमेऱ्याचे ६, ॲपचे २.५. रोज ९.१. पस्तीसला ९.१ नं भागलं तर चार दिवससुद्धा पुरत नाहीत.

"मामा!" भाची ओरडली. "चौथ्या दिवशीच ॲप बंद पडलं होतं. गाडीशी संपर्क होत नाही असं यायला लागलं. आम्हाला वाटलं कोकणात रेंज नाही!"

रेंज होती. ऐकणाराच गेला होता.

यात उन्हाचाही हात आहे, पण तो हळूहळू काम करतो. या बॅटऱ्या बहुधा शिसे आणि आम्लाच्या असतात. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ही युक्ती १८५९ साली शोधली. म्हणजे आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि ती युक्ती आज तुमच्या संगणकवाल्या गाडीत बसलेली आहे. आत सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात शिशाची पट्टी, शिशाच्या ऑक्साइडची पट्टी, आणि पाणी घातलेलं गंधकाम्ल. एक कप्पा देतो २.१ व्होल्ट, सहा कप्पे १२.६. वीज खर्च होते तसतसं दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमत जातं. चार्ज केलं की ते परत विरघळतं. पण बॅटरी रिकामी तशीच पडून राहिली, तर त्या सल्फेटचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे, टणक स्फटिक होतात. साखरेचा दाट पाक बरेच दिवस न हलवता ठेवला की खडीसाखर धरते ना, तसंच. खडीसाखर आपण मिटक्या मारत खातो, बॅटरीला मात्र ती पचत नाही. मग ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. आणि उष्णतेत रासायनिक क्रिया भराभर होतात, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी काही न करताही थोडीथोडी उतरते आणि लवकर म्हातारी होते.

चाणाक्ष वाचक विचारतील, की पेट्रोलच्या गाडीतही हीच बॅटरी असते, मग तिचं असं होत नाही का? होतं की! फरक इतकाच, की तिथं इंजिन सुरू करायला दांडगा झटका लागतो, म्हणून बॅटरी दमली की स्टार्टर आधी 'कुरर्र कुरर्र' करून तक्रार करतो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. जागल्याला काही संगणक आणि ते 'टक्' करणारं वेटोळं एवढंच उचलायचं असतं. त्यामुळे तो अर्धमेला झाला तरी काम रेटत राहतो आणि मग एके दिवशी न सांगता आडवा होतो. मला विचाराल तर हा खरा अवगुण. कुरकुर न करणारी माणसं घरात असली की जशी पंचाईत होते!

असो. गाडी उघडली कशी ते सांगायचं राहिलं. बटणाच्या किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपवलेली असते. भाचीला हे माहीतच नव्हतं. ती बाहेर ओढून काढल्यावर तिला खजिना सापडल्यासारखं झालं. दाराच्या मुठीजवळचं झाकण काढलं, आत अगदी कपाटाला असतं तसं छिद्र! दार उघडलं, आतली कळ ओढून बॉनेट उघडलं. ओळखीचे एक बॅटरीवाले दादा स्कूटरवर दुसरी १२ व्होल्टची बॅटरी आणि जंपरच्या वायरी घेऊन आले. येण्याआधी त्यांनी फोनवर बजावलं होतं, "नारंगी वायरीले कोणी हात लावू नका." ते फार महत्त्वाचं आहे. इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीच्या वायरी नारंगी रंगाच्या असतात, त्या ओळखू याव्यात म्हणूनच. जंपर लावणं हेही मोठ्यांचंच काम.

दादांनी आधी मल्टीमीटर टेकवला. भरलेली बॅटरी दाखवते १२.६ च्या आसपास, अर्धी १२.२. आमच्या जागल्याचा आकडा होता ७.

मग वायरी लावल्या. डॅशबोर्डवर एक एक दिवा उजळला. भाऊजींनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, आणि आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो तो आवाज आला. टक्.

मोठ्या बॅटरीचा आकडा दिसला: ८० टक्के. तीस युनिटांची बॅटरी, म्हणजे २४ युनिट वीज सगळा मे महिना नुसती पडून होती. तेवढ्यात गाडी नागपूरला जाऊन बहुतेक परत आली असती. छोटीत पूर्ण भरल्यावरसुद्धा मावतं अर्ध्या युनिटाहून कमी! आता दार उघडल्याबरोबर मोठीनं छोटीला जेवू घालायला सुरुवात केली. डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाची एक पेटी मोठीचे शेकडो व्होल्ट उतरवून चौदाच्या आसपास आणते आणि छोटीला भरते. पेट्रोल गाडीत हेच काम अल्टरनेटर करतो. म्हणून जंपर मिनिटभरात काढून टाकले तरी चाललं. गाडी मात्र तासभर तशीच चालू ठेवली. दादा पैसे घेईनात, तेव्हा बहिणीनं गोरसपाक बिस्किटांचा पुडा हातात ठेवला.

काही गाड्या इतक्या हुशार असतात, की उभ्या उभ्याच मधूनमधून जाग्या होऊन छोटीला घोट पाजतात आणि पुन्हा झोपतात. तुमची तशी आहे का, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते पुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेलं नसतं, तेव्हा ही कामगिरी तुम्ही अंगावर घ्या. आमच्या भाचीनं घेतली. तिला त्यात सापडलेली एक गोष्ट मलाही नवी होती: नुसती चार्जरची गन लावून ठेवली म्हणजे छोटी भरत राहते असं नाही. काही गाड्यांत मोठी भरली की सगळं थांबतं, छोटीचंही.

किल्लीचंही एक कळलं. त्यांच्या घरी किल्ल्यांचा खिळा पोर्चच्या भिंतीलाच आतून होता. गाडीपासून हातभर. काही गाड्या किल्ली जवळ जाणवली की 'मालक आले, मालक आले' म्हणून अर्धवट उठतात. खिळा आता स्वयंपाकघरात गेला. डॅशकॅमची वायर अशा फ्यूजवर आली, जिथं गाडी बंद केल्यावर वीज मिळत नाही. आणि महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर दादांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर छोटीला हळूहळू भरत राहणारा लहान चार्जर लावायचा, नाहीतर पुस्तिकेत परवानगी असेल तर जाणकाराकडून तिचं ऋण टोक सोडवून घ्यायचं.

झोपून जागं राहायची ही कला फक्त गाडीला येते असं नाही हं. आपल्या जिल्ह्यात बोरचा व्याघ्र प्रकल्प आहे, २०१४ साली जाहीर झालेला. वाघ मोजायला जंगलात झाडांवर कॅमेरा ट्रॅप बांधतात. तिथं कुठला आलाय प्लग! काही सेलवर तो कॅमेरा कितीतरी दिवस राहतो, कारण तो जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. फक्त एक छोटा डोळा उघडा असतो, समोरून ऊबदार अंग सरकलं तर ओळखणारा. वाघ आला की जाग, फोटो, पुन्हा झोप. आणि घरातला सेट-टॉप बॉक्स? टीव्ही बंद करून तासाभरानं त्याच्यावर तळवा ठेवून बघा. बऱ्याचदा कोमट लागतो. समजा तो १० वॅट खात असेल, तर चार दिवसांत जवळजवळ एक युनिट कुणी टीव्ही न बघता गेलं. तुमच्या घरात रात्री दिवे मालवल्यावर किती जागले जागे असतात, ते लाल-हिरव्या ठिपक्यांवरून मोजा. आमच्याकडे अकरा निघाले.

दिवाळीत भाची पुन्हा आईबाबांबरोबर गावाला गेली, पंधरा दिवस. या वेळी किल्ली रेल्वेआबांकडे होती. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, ते गाडीत बसायचे, ब्रेक दाबून ती पूर्ण चालू करायचे (नुसतं दार उघडून रेडिओ लावला तर छोटी उलट खर्ची पडते, हे त्यांना सांगावं लागलं नाही) आणि अर्धा तास पेपर वाचायचे. मग भाचीला फोन करायचे. ॲप उघडायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

"उठली होती, माय," आबा सांगायचे. "जेवली. आता पुन्हा झोपवली तिले."